अग्निबाण आणि कारागिराचा हात

मंडळी, तळहातावर काठी उभी धरून तोल सांभाळण्याचा खेळ आपण सर्वांनी लहानपणी खेळला असेल. काठी डावीकडे कलली, की हात तिकडे न्यावा लागतो. पण डोळ्यांनी बाजूच उलटी सांगितली तर? काठी पडलीच म्हणून समजा! आकाशात जाणाऱ्या अग्निबाणाचेही असेच आहे. रशियातील एका सरकारी कारखान्याची हकीकत ऐकली म्हणजे हे ध्यानात येईल.

मॉस्को शहराच्या फिली भागात १९१६ साली मोटारींचा एक कारखाना निघाला. पुढे तेथे विमाने होऊ लागली, आणि नंतर अग्निबाण. हाच ख्रुनिचेव्ह कारखाना. त्याचा 'प्रोटॉन' अग्निबाण १६ जुलै १९६५ रोजी प्रथम उडाला.

प्रोटॉन उडतो कझाकस्तानातील बैकानूरहून. मॉस्कोपासून तेथपर्यंत त्याला आगगाडीने न्यावे लागते, आणि रेल्वेच्या पुलांतून व बोगद्यांतून जाईल एवढीच रुंदी त्याला ठेवता येते. म्हणून मधली टाकी सुमारे ४.१ मीटर रुंदीची केली. भोवतीच्या सहा बारीक टाक्या वेगळ्या न्यायच्या आणि तेथे जोडायच्या, अशी युक्ती काढली.

आता टाक्यांत काय असते ते पाहू. चुलीला वारा लागतो. वर आकाशात तो कोठून मिळणार? म्हणून अग्निबाण जळण आणि ते जाळणारे द्रव्य, दोन्ही बरोबर नेतो. प्रोटॉनमधली ही दोन द्रव्ये एकत्र येताच आपोआप पेटतात, काडी लावावी लागत नाही. सोय मोठी, पण दोन्ही जहाल विषारी. १९९९ साली दोन प्रोटॉन कोसळले, तेव्हा कझाकस्तानने उड्डाणे काही काळ बंद पाडली. ज्यांच्या कुरणांवर हे तुकडे पडायचे, त्यांनी का म्हणून सोसावे?

२ जुलै २०१३ रोजी तीन उपग्रह घेऊन एक प्रोटॉन उडाला. उडताच तो डोलू लागला, आडवा झाला, आणि अर्ध्या मिनिटाच्या सुमारास जमिनीवर आदळून पेटला. सुदैवाने माणूस दगावला नाही. चौकशीत काय निघाले? अग्निबाण किती वळतो आहे हे सांगणाऱ्या सहा पुर्जांपैकी तीन उलटे बसविलेले होते! उलटा पुर्जा सहजी बसू नये अशी रचना होती. तरी तो जोर लावून बसविलेला दिसला. उड्डाणापूर्वीच्या तपासणीतही ही चूक सापडली नाही. अग्निबाण उजवीकडे कलला की पुर्जा म्हणे डावीकडे. मग तोल राहील कसा?

याच कारखान्याने पुढे 'अंगारा' हा नवा अग्निबाण केला. त्यात विषारी जळणाऐवजी शुद्ध केलेले घासलेट आणि द्रवरूप प्राणवायू वापरतात. एकाच नमुन्याचे नळकांडे एकेकटे वापरायचे, किंवा मोठ्या कामाला पाचांची मोळी बांधायची, अशी त्याची घडण. आखणी १९९० नंतरच्या दशकातली. पहिले उड्डाण मात्र २०१४ साली झाले. पाच नळकांड्यांचा मोठा अंगाराही त्याच वर्षी डिसेंबरात उडाला.

गुरुजींनी वर्गात काठीचा खेळ जरूर करून दाखवावा. आणि मुलांना सांगावे, की पुर्जा खाचेत सहज बसत नसेल, तर हातोडा उचलण्याआधी तो एकदा फिरवून पाहावा.