संशयिताची कथा आणि प्रेक्षकाचा निवाडा

गुन्हेगारीवरील दूरचित्रवाणी मालिकांचा रूढ साचा असा असतो की आरंभी खून होतो, मग तपास अधिकारी येतो आणि अखेरीस खुनी सापडतो. या साच्यात संशयित म्हणजे तपासाच्या वाटेवरचा एक टप्पा, यापलीकडे त्याला फारसे स्थान नसते. मात्र ज्या मालिका तपास अधिकाऱ्याऐवजी संशयितालाच कथेच्या केंद्रस्थानी ठेवतात, त्या प्रेक्षकाला रहस्य उलगडण्याच्या आनंदाबरोबरच निवाडा करण्याच्या अवघड कामालाही जुंपतात. ब्रिटिश लेखक पीटर मोफॅट यांनी लिहिलेली आणि बीबीसीने 2008 मध्ये सलग पाच रात्री दाखवलेली ‘क्रिमिनल जस्टिस’ ही या प्रकारातील महत्त्वाची मालिका होय. तिच्यावरून अमेरिकेत 2016 मध्ये एचबीओ वाहिनीवर ‘द नाइट ऑफ’ ही आठ भागांची मालिका आली, आणि 2019 मध्ये हॉटस्टारवर हिंदी ‘क्रिमिनल जस्टिस’ प्रदर्शित झाली. एकाच कथाबीजाला वेगवेगळ्या देशांतील प्रेक्षकांनी दिलेला प्रतिसाद पाहिला, तर माणसे दुसऱ्याच्या अपराधाविषयी मत कसे बनवतात, यावर बराच प्रकाश पडतो.

‘द नाइट ऑफ’मधील नासिर खान हा न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात राहणाऱ्या पाकिस्तानी वंशाच्या कुटुंबातील विद्यार्थी आहे. एका रात्री तो वडिलांची टॅक्सी न विचारता घेऊन निघतो, अँड्रिया नावाची अनोळखी तरुणी त्या टॅक्सीत बसते, दोघे तिच्या घरी जातात, अमली पदार्थ घेतात आणि सुरी बोटांच्या मधोमध रोवण्याचा जीवघेणा खेळ खेळतात. त्यानंतर नासिरला जाग येते ती थेट स्वयंपाकघरात, आणि वरच्या खोलीत ती तरुणी भोसकलेल्या अवस्थेत मृत पडलेली असते. घाबरून तो पळतो, मागे राहिलेल्या वस्तूंसाठी दाराची काच फोडून परत आत शिरतो आणि ती सुरी खिशात घालून निघतो. या कथनातील कौशल्य असे की प्रेक्षक नासिरच्या सोबत जवळजवळ प्रत्येक क्षण असतो, परंतु त्याला झोप लागल्यापासून जाग येईपर्यंतचे काही तास प्रेक्षकालाही दिसत नाहीत. त्यामुळे जे नासिरला ठाऊक नाही ते प्रेक्षकालाही ठाऊक नसते, आणि जे पोलिसांना ठाऊक आहे ते सारे नासिरच्या विरोधात जाणारे असते.

एवढा भक्कम पुरावा समोर असूनही पहिल्या भागानंतर अनेक प्रेक्षक नासिरच्या बाजूने उभे राहिले, याचे स्पष्टीकरण माध्यमांचे अभ्यासक डॉल्फ झिलमन यांच्या मांडणीत मिळते. त्यांच्या मते प्रेक्षक पात्रांच्या वर्तनावर सतत नैतिक पहारा ठेवून असतो. जे पात्र त्याला भले वाटते त्याचे कल्याण व्हावे आणि जे दुष्ट वाटते त्याला शासन व्हावे, अशी अपेक्षा तो बाळगतो, आणि कथेची गोडी बव्हंशी या अपेक्षेच्या पूर्तीवर अवलंबून असते. रिझ अहमद या अभिनेत्याने रंगवलेला नासिरचा भांबावलेला, मवाळ चेहरा आणि त्याच्या आईवडिलांची ससेहोलपट यांमुळे हा मुलगा असे करणारच नाही, असा कौल प्रेक्षकाचे मन आधीच देऊन टाकते. वस्तुतः मवाळ चेहरा हा कोणत्याही न्यायालयात पुरावा ठरत नाही.

मालिकेचे मोठेपण असे की ती हा कौल पुढे पद्धतशीरपणे अस्थिर करते. रायकर्स आयलंड येथील तुरुंगात जीव वाचवण्यासाठी नासिर एका बलाढ्य कैद्याचा आश्रय घेतो, डोके भादरतो, बोटांवर गोंदवून घेतो, व्यसनात गुरफटतो. त्याच्या शाळकरी वयातील हिंसक वर्तनाची माहितीही बाहेर येते, आणि एका क्षणी त्याच्या आईलाही त्याच्याविषयी शंका वाटू लागते. इथे प्रेक्षकाची सहानुभूती डळमळते. परंतु विचार केल्यास ध्यानात येते की तुरुंगातील या बदलांचा त्या रात्रीच्या घटनेशी काहीही संबंध नाही. ज्या मनाने आधी चेहऱ्यावरून निर्दोष ठरवले, तेच मन आता गोंदणावरून दोषी ठरवू पाहते, आणि दोन्ही वेळा त्याला आपण पुराव्याच्या आधारेच बोलत आहोत असे वाटत असते.

दर आठवड्याला एक भाग या क्रमामुळे मधल्या दिवसांत तर्कवितर्कांना ऊत आला. मृत तरुणीचा सावत्र पिता, पेट्रोल पंपावर तिच्याकडे रोखून पाहणारा शववाहिकेचा चालक, रस्त्यात भेटलेला गुंड अशा प्रत्येकावर प्रेक्षकांनी संशय घेतला. दिशाभूल करण्यासाठी पेरलेले खोटे धागे ही रहस्यकथेची जुनी युक्ती असून वाचकाला वा प्रेक्षकाला ती हवीहवीशीही वाटते. या मालिकेत मात्र तिला आणखी एक अर्थ प्राप्त होतो: ज्या शक्यता घरबसल्या प्रेक्षकांना सुचल्या, त्या पोलिसांनी वेळीच का तपासल्या नाहीत, हा प्रश्न त्यातून उभा राहतो. संशयित हाती लागताच तपास थांबतो, हेच मालिकेला दाखवायचे होते.

प्रेक्षकांमध्ये सर्वाधिक मतभेद झाले ते शेवटावरून. ज्युरीच्या, म्हणजे निकाल देण्यासाठी निवडलेल्या सामान्य नागरिकांच्या बारा जणांच्या मंडळात सहा विरुद्ध सहा अशी फूट पडते, एकमत होत नाही आणि सरकारी वकील खटला पुन्हा चालवण्यास नकार देतात. तपास अधिकारी दुसऱ्या एका व्यक्तीपर्यंत पोहोचलेला असतो, पण तिच्यावरील आरोप न्यायालयात सिद्ध होताना दिसत नाही. नासिर सुटतो, परंतु निष्कलंक होत नाही. काहींना हा शेवट अपुरा वाटला, काहींना तोच मालिकेचा कळस वाटला. वकील जॉन स्टोन यांनी सांभाळलेल्या मृत तरुणीच्या मांजरीचे पुढे काय होणार, याची काळजी अनेकांना शेवटपर्यंत लागून राहिली, हेही समजण्यासारखे आहे. माणसांच्या बाबतीत न्याय होईल की नाही याची शाश्वती नसताना एका मुक्या जीवाची तरी सोय व्हावी, ही इच्छा अगदी स्वाभाविक आहे. उलट, बचाव पक्षाची तरुण वकील आपल्याच अशिलाचे चुंबन घेते हा प्रसंग अनेकांना खटकला, आणि तो आक्षेप रास्त होता, कारण त्या प्रसंगाने एका कर्तबगार स्त्री वकिलाच्या व्यक्तिरेखेचे अकारण नुकसान केले.

भारतीय रूपांतरात कथा मुंबईत आली. तिग्मांशू धुलिया यांच्यासह ‘लपाछपी’ या मराठी चित्रपटाचे दिग्दर्शक विशाल फुरिया यांनी ती दिग्दर्शित केली, आणि विक्रांत मेस्सी यांनी संशयिताची भूमिका केली. येथे प्रेक्षकांचा लोभ हळूहळू संशयिताकडून त्याच्या वकिलाकडे वळला. पंकज त्रिपाठी यांचा फाटका, धडपड्या, पण माणुसकी न सोडणारा माधव मिश्रा एवढा आवडता झाला की पुढील पर्वांमध्ये संशयित बदलत गेले, वकील तोच राहिला. या आवडीमागे एक सामाजिक वास्तव आहे. भारतातील तुरुंगांत असलेल्या कैद्यांपैकी सुमारे तीन चतुर्थांश कैदी कच्चे कैदी आहेत, म्हणजे त्यांच्या खटल्यांचा निकाल अजून लागलेला नाही, आणि त्यांतील अनेकांना चांगला वकील परवडत नाही. साध्या माणसाच्या पाठीशी उभा राहणारा साधा वकील हे म्हणूनच येथील प्रेक्षकाचे मनोमन बाळगलेले स्वप्न आहे.

भारतात आज ज्युरी नाही; निकाल न्यायाधीश देतात. लोकमताचा ज्युरीवर किती प्रभाव पडू शकतो याची चर्चा मुंबईतील 1959 च्या नानावटी खटल्याने घडवली होती, कारण ज्युरीने आठ विरुद्ध एक मतांनी नौदल अधिकारी नानावटी यांना निर्दोष ठरवले, तर उच्च न्यायालयाने तो कौल बाजूला सारून त्यांना जन्मठेप दिली आणि सर्वोच्च न्यायालयाने 1961 मध्ये ती कायम केली. न्यायालयातून ज्युरी गेली, तरी लोकांच्या मनातील ज्युरी गेलेली नाही. संशयिताला अटक होताच, आरोपपत्र दाखल होण्यापूर्वीच, वृत्तवाहिन्यांवर आणि घराघरांत त्याचा निवाडा होऊन जातो. त्याने पोलिसांपुढे गुन्हा कबूल केल्याची बातमी अखेरचा शब्द मानली जाते, प्रत्यक्षात पोलिसांपुढील कबुली पुरावा म्हणून ग्राह्य धरण्यास भारतीय कायदा सर्वसाधारणपणे मनाई करतो.

अशा परिस्थितीत संशयिताच्या बाजूने कथा सांगणाऱ्या मालिकांचे मोल मनोरंजनापेक्षा अधिक आहे. ‘त्याने खून केला का’ आणि ‘त्याने खून केला हे वाजवी संशयापलीकडे सिद्ध झाले का’ हे दोन भिन्न प्रश्न आहेत, आणि न्यायालयाला केवळ दुसऱ्याचे उत्तर देता येते. या भेदामुळे होणारी अस्वस्थता सहन करणे हा नागरिकत्वाचा महत्त्वाचा धडा असून, अपुऱ्या वाटणाऱ्या शेवटावर चिडलेल्या प्रेक्षकालाही तो मिळालेला असतो. पुढच्या वेळी एखाद्या खऱ्या संशयिताचे छायाचित्र वर्तमानपत्रात पाहून मत बनवण्यापूर्वी तो प्रेक्षक थोडा थांबला आणि पुरावा काय आहे असे विचारू लागला, तर मालिकेने आपले काम चोख केले असे म्हणावे लागेल.