शोकेसमध्ये कोणती मोटार मांडावी?

आम्ही कापडवाले शोकेसमध्ये सगळेच तागे लावत नाही. मोजके नमुने मांडतो. अमेरिकेतील जुन्या 'मसल कार'चे प्रदर्शन भरवणाऱ्यालाही हीच पारख लागते. मसल कार म्हणजे मध्यम आकाराच्या गाडीत बसवलेले मोठे इंजिन. तिची निवड चकाकी पाहून करू नये. तिने बाजार कसा बदलला, ते पाहावे.

पहिला मान १९६४ च्या पॉन्टिॲक जीटीओचा. अशा गाडीत ३३० घनइंचांहून मोठे इंजिन नको, असा जनरल मोटर्सचा नियम होता. पॉन्टिॲकने ३८९ घनइंची इंजिन 'जादा सोय' म्हणून देऊ केले आणि पहिल्याच हंगामात ३२,४५० गाड्या खपल्या. दुसरी १९६८ ची प्लिमथ रोडरनर : सजावट कमी, ताकद भरपूर, दर आवाक्यात. तिसरी १९७० ची शेव्हरोले शेव्हेल एसएस ४५४. तिची ताकद ४५० अश्वशक्तीपर्यंत होती. पुढे विम्याचे हप्ते व धुराचे नियम वाढले आणि हा बाजार बसला.

साध्या गाडीवर जीटीओची पट्टी लावून विकणारेही आहेत. म्हणून इंजिनवरचा क्रमांक कारखान्याच्या कागदांशी ताडून पाहावा. रंगवलेल्या नकलेपेक्षा रंग उडालेला अस्सल माल बरा. व्यापारी बंधूंनो, एक नमुना खोटा निघाला की सगळ्या शोकेसवरचा भरवसा उडतो.