सुरांची हाक

दुष्काळ, महापूर, भूकंप यांसारखी आपत्ती कोसळली म्हणजे दूरदूरची माणसे मदतीस धावून येतात. कोणी धान्य देतो, कोणी वस्त्रे देतो, कोणी अंगमेहनत करतो. परंतु ज्याच्यापाशी केवळ सूर आहेत, त्या कलावंताने काय द्यावे? या प्रश्नाचे एक उत्तर १ ऑगस्ट १९७१ रोजी अमेरिकेतील न्यूयॉर्क शहरात मिळाले.

आजचा बांगलादेश तेव्हा पूर्व पाकिस्तान या नावाने ओळखला जात असे. नोव्हेंबर १९७० मध्ये तेथील किनाऱ्यावर प्रचंड चक्रीवादळ आदळले आणि लक्षावधी माणसे मृत्युमुखी पडली. त्या आघातातून लोक सावरतात न सावरतात तोच, मार्च १९७१ मध्ये पाकिस्तानी लष्कराने तेथील जनतेवर अनन्वित अत्याचार सुरू केले. निर्वासितांचे लोंढे भारतात येऊ लागले. वर्षअखेरीस त्यांची संख्या सुमारे एक कोटी झाली. भर पावसात, पटकीच्या साथीत दिवस कंठणाऱ्या त्या लोकांत लहान मुले फार होती.

विख्यात सतारवादक पंडित रविशंकर हे बंगाली; त्यांचे गुरू उस्ताद अल्लाउद्दीन खाँ यांचा जन्मही पूर्व बंगालातलाच. आपल्या माणसांची ही दैना ऐकून त्यांचे मन व्याकूळ झाले. 'बीटल्स' या जगप्रसिद्ध इंग्रज गायकवृंदातील जॉर्ज हॅरिसन हे त्यांचे शिष्य आणि स्नेही. त्यांच्यापाशी रविशंकरांनी आपले दुःख उघड केले. हॅरिसन यांनी मित्रांना साद घातली आणि थोड्याच आठवड्यांत जलशाची सिद्धता झाली.

मॅडिसन स्क्वेअर गार्डन या भव्य सभागृहात एकाच दिवशी दोन जलसे झाले. सुमारे ४०,००० श्रोते आले. प्रथम रविशंकर, सरोदवादक अली अकबर खाँ व तबलावादक अल्लारखाँ यांचे वादन झाले. वाद्ये सुरांत लावून होताच श्रोत्यांनी टाळ्यांचा कडकडाट केला! तेव्हा, जुळवणी एवढी आवडली तर प्रत्यक्ष वादन त्याहून आवडेल अशी आशा आहे, असे रविशंकर मिस्किलपणे म्हणाले. त्यानंतर हॅरिसन, बॉब डिलन, एरिक क्लॅप्टन आदींनी विजेच्या गिटारींवरील जोमदार 'रॉक' संगीत सादर केले.

तिकिटांतून आलेले सुमारे २,४३,००० डॉलर 'युनिसेफ' या संयुक्त राष्ट्रांच्या बालकल्याण संस्थेस देण्यात आले. पुढे ध्वनिमुद्रिका व चित्रपट यांतून याहून कितीतरी अधिक पैसा जमला. परंतु कायद्याची पूर्वतयारी अपुरी राहिल्याने त्यातील मोठी रक्कम कराच्या वादात कित्येक वर्षे अडकून पडली. हेतू शुद्ध होता, तरी भुकेल्याला वाट पाहावी लागली.

पुढे आफ्रिकेतील इथिओपियात भीषण दुर्भिक्ष पडले. १३ जुलै १९८५ रोजी बॉब गेल्डॉफ व मिज यूर यांच्या पुढाकाराने 'लाइव्ह एड' हा जलसा लंडन आणि फिलाडेल्फिया या दोन शहरांत एकाच दिवशी झाला. उपग्रहांच्या साहाय्याने तो अनेक देशांतील घराघरांत दिसला आणि कोट्यवधींचा निधी जमला. तथापि इथिओपियात यादवी युद्ध चालू होते, आणि बंदरावर उतरलेले धान्य आतल्या डोंगराळ मुलखात नेण्यास वाहने पुरेशी नव्हती. म्हणून निधीच्या चालकांना जहाजांची आणि मालमोटारींचीही तजवीज करावी लागली.

रंगमंचावरील गायकांची नावे जगाच्या ध्यानात राहतात. परंतु पैशाचा चोख हिशेब ठेवणारा कारकून, जहाजावरचा खलाशी, खडतर वाटेने गाडी हाकणारा चालक आणि छावणीत लापशी शिजवणारी परिचारिका यांची नावे कोणास ठाऊक नसतात. सूर माणसांची अंतःकरणे जागी करतात. त्या जाग्या झालेल्या दयेचे घासात रूपांतर ही अनाम माणसे करतात. दोघांचे हात एकमेकांत गुंफले गेले, तरच उपाशी मुलाच्या पोटात अन्न पडते.