जुन्या रेकॉर्ड, कॅसेट भंगारात देताय? आधी एवढं तपासा

चिंचोळी एमआयडीसी : घटस्थापना जवळ आली की घराघरात साफसफाई निघते आणि माळ्यावरची पोती खाली येतात. एमआयडीसीच्या रस्त्याकडेच्या भंगार दुकानांत मग कारखान्यांच्या ड्रम-पुठ्ठ्यांच्या जोडीला आजूबाजूच्या गावांतला घरगुती मालही येऊन पडतो. फुटक्या बादल्या, मोडक्या खुर्च्या, आणि त्याच्या खाली कधी रेकॉर्डचा गठ्ठा, कधी कॅसेटची पिशवी. काट्यावर सगळं प्लास्टिकच. एक मोठी एलपी साधारण सव्वाशे ग्रॅमची असते, म्हणजे किलोला सात-आठ बसतात. हाच माल पुण्याच्या जुन्या बाजारात आणि मुंबईच्या चोर बाजारात नगावर विकला जातो. त्यामुळं देणाऱ्यानंही आणि हौसेनं घेणाऱ्यानंही माल बघायचा कसा, हे माहीत असलेलं बरं.

रेकॉर्ड हातात आली की पहिलं बघायचं, ती कशाची आहे. जड, कडक, साधारण दहा इंची आणि लेबलवर 78 लिहिलेलं असेल तर ती लाखेची. आपल्याकडं अशा तबकड्या 1970 च्या आसपासपर्यंत निघत होत्या. एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटांचं एकच गाणं. हातातून पडली की काचेसारखी फुटते. कडेला केसाएवढी चीर असली तरी प्रत्येक फेऱ्याला ठक् असा आवाज येतो आणि चीर पुढं सरकत जाते. लाखेच्या तबकडीला स्पिरिट किंवा सॅनिटायझर अजिबात लावू नका, लाख विरघळते. पिळून घेतलेल्या ओल्या फडक्यानं पुसायची आणि लगेच कोरडी करायची.

जी थोडी लवचिक, हलकी आणि 33 किंवा 45 लिहिलेली असते, ती व्हिनाइलची, म्हणजे पीव्हीसीची. ती पटकन फुटत नाही, पण चरे लगेच पडतात आणि उन्हानं वाकडी होते. एक गोष्ट लक्षात ठेवा. व्हिनाइलची रेकॉर्ड चावीच्या ग्रामोफोनवर लावायची नाही. त्याचा जड हात आणि लोखंडी सुई एका वेळेत खाचा खरवडून काढते.

आता तपासणी. दुकानातल्या ट्यूबखाली रेकॉर्ड सरळ धरली तर सगळ्याच चांगल्या दिसतात. मोबाइलची बॅटरी लावा आणि उजेड तिरका, एका कडेनं टाका. मग चरे उठून दिसतात. वरवरचे बारीक ओरखडे कव्हरात घालता-काढताना पडतात, त्यानं फारसं बिघडत नाही. चऱ्यावरून नख हळूच फिरवा. नख अडलं तर सुईही अडणार. चरा खाचांना आडवा गेला असेल तर एलपीवर साधारण पावणेदोन सेकंदांनी एक टिक् ऐकू येते, कारण मिनिटाला तेहतीस फेरे होतात. खाचेच्या दिशेनंच गेलेला चरा जास्त वाईट. तिथं सुई घसरते आणि एकच ओळ पुन्हा पुन्हा वाजते.

चऱ्यांपेक्षा लबाड गोष्ट म्हणजे झीज. रेकॉर्ड काळीभोर न दिसता राखट, करडी दिसत असेल तर खाचाच घासल्या गेल्यात. एकही चरा नसला तरी ती खरखरणार, आणि हे धुऊन जात नाही. बोटांचे डाग, धूळ, पांढरट बुरशी मात्र निघते. व्हिनाइलसाठी आरओचं पाणी, त्यात भांड्याच्या लिक्विडचा एखादा थेंब आणि मऊ कापड घ्या. गोल, खाचांच्या दिशेनंच पुसायचं आणि मधलं लेबल ओलं होऊ द्यायचं नाही.

मग मधलं भोक बघा. भोकाभोवती लेबलवर सुईनं कोरल्यासारख्या रेघा असतील तर ती रेकॉर्ड शेकडो वेळा लावली गेली आहे. भोक मोठं झालेलं असेल तर गाणं डुलत वाजतं. शेवटी रेकॉर्ड डोळ्याच्या रेषेत आडवी धरून वाकडेपणा बघायचा. आपल्याकडं मे महिन्यात बाहेरच बेचाळीस-त्रेचाळीस अंश होतात. पत्र्याखालचा माळा किंवा बंद गाडी त्याहून कितीतरी तापते, आणि साठच्या पुढं व्हिनाइल मऊ पडायला लागतं. एकावर एक आडव्या रचलेल्या रेकॉर्ड हमखास वाकतात. पुस्तकासारख्या उभ्या ठेवायच्या. कव्हर एका गाण्याचं आणि आत रेकॉर्ड दुसरीच, असंही बऱ्याचदा निघतं, म्हणून काढून लेबल वाचल्याशिवाय पैसे देऊ नका.

ऑनलाइन जाहिरातींत मिंट, व्हीजी प्लस, व्हीजी, गुड असे शब्द असतात. त्यातला ‘गुड’ फसवा आहे. त्या पट्टीवर गुड म्हणजे सुई न अडता वाजते, पण खरखर भरपूर. व्हीजी प्लसच्या खालची रेकॉर्ड ऐकल्याशिवाय घेऊ नये, असं माझं मत.

आता कॅसेट. इथं खरी गडबड होते. छापील कॅसेट गेली तर फार बिघडत नाही. मूळच्या मंगळवेढ्याच्या प्रल्हाद शिंद्यांची भक्तिगीतं एकेकाळी आपल्या भागात घरोघरी कॅसेटवर वाजायची, ती आज मोबाइलवर सापडतात. पण पेनानं नाव-तारीख लिहिलेली कॅसेट असेल तर ती जगात एकच आहे. त्यात सप्त्यातलं कीर्तन असेल, आजीच्या जात्यावरच्या ओव्या असतील, आखातात गेलेल्या माणसानं पत्राऐवजी पाठवलेलं बोलणं असेल. बाजारात तिला किंमत शून्य आहे आणि भंगारात तीच सगळ्यात आधी जाते.

अशी कॅसेट दिसली की लगेच टेपमध्ये घालू नका. आधी पाठीमागच्या कडेच्या दोन्ही पातळ पट्ट्या मोडा. पट्टी मोडली की चुकून रेकॉर्डचं बटण दाबलं तरी आतलं पुसलं जात नाही. छापील कॅसेटला त्या मुळातच नसतात. छापील कॅसेटच्या त्या खाचांवर चिकटपट्टी लावलेली दिसली तर समजायचं, कुणीतरी वरून दुसरं काही भरलंय.

नंतर खिडकीतून रीळ बघा. गुंडाळीचा पृष्ठभाग सपाट, गुळगुळीत हवा. कडा वर-खाली झालेल्या किंवा सुरकुतलेल्या असतील तर आवाज लाटा खात येतो. रिळावर पांढरी पावडर दिसली तर ती बुरशी. अशी कॅसेट वाजवली तर टेपच्या हेडला लागून पुढच्या प्रत्येक कॅसेटला लागते. खालच्या उघड्या बाजूला मधोमध पितळी पट्टीवर फेल्टचा छोटा तुकडा असतो. तो गळून पडला की आवाज गोधडीतून आल्यासारखा येतो. लोक म्हणतात कॅसेट खराब झाली, पण रीळ ठणठणीत असतं. टाकाऊ कॅसेटमधला तुकडा काढून बसवला की काम होतं.

मग पेन्सिल घालून चक्री फिरवा. मोकळी फिरली पाहिजे. अडली तर कॅसेट तळहातावर दोन-तीनदा आपटून परत बघा. कोपऱ्यांत स्क्रू असलेली कॅसेट उघडता येते आणि रीळ दुसऱ्या खोक्यात बसवता येतं. चिकटवलेली उघडायला त्रास आहे. रीळ तुटलं असेल तर साधी चिकटपट्टी लावू नका, तिचा गोंद पसरून शेजारचे वेढे चिकटतात. त्यासाठी वेगळी जोडपट्टी मिळते. सी-120 लिहिलेल्या कॅसेटचं रीळ फार पातळ असतं, ते जपूनच चालवायचं. 60 आणि 90 बऱ्यापैकी टिकतात.

घरातला टेपही तेवढाच जुना असतो. आतला रबरी पट्टा सैल किंवा चिकट झालेला असला की तो रीळ खातो. म्हणून आधी निरुपयोगी कॅसेट लावून दहा मिनिटं चालवा, कापसाच्या काडीला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून हेड पुसा, आणि मगच कामाची कॅसेट घाला. वाजवण्याआधी ती एकदा पूर्ण पुढं आणि पूर्ण मागं करून घ्या. कॉपी पहिल्याच वाजवण्यात करायची, दुसऱ्यांदा रीळ टिकेलच असं नाही. हेडफोनच्या भोकातून वायर काढून लॅपटॉपला जोडली तर आवाज चांगला येतो. तेही नसेल तर फॅन बंद करून, दार लावून, मोबाइल स्पीकरसमोर ठेवून रेकॉर्ड करा. कॉपी झाली तरी मूळ कॅसेट फेकू नका. डबीत घालून उभी ठेवा, मोठ्या स्पीकरपासून आणि मोटारीपासून लांब, कारण चुंबकानं ती पुसली जाते.