हिंगण्याची झोपडी : एका वास्तूचे वाचन

ब्रिटिश अमदानीतील जतन केलेली घरे म्हटली की डोळ्यांपुढे बंगले, व्हरांडे आणि शिसवी फर्निचर येते. त्याच काळातील एक वास्तू आमच्या सूसपासून फार दूर नाही. कर्वेनगरात, महर्षी कर्वे स्त्री शिक्षण संस्थेच्या आवारात ती आहे. ती आहे एक झोपडी.

धोंडो केशव कर्वे यांनी १८९६ मध्ये पुण्यात अनाथ बालिकाश्रम काढला. पुढे शहरात प्लेगने थैमान घातले आणि १९०० मध्ये आश्रम हिंगण्याच्या माळावर आला. रावबहादूर गोखले यांनी सहा एकर जागा व साडेसातशे रुपये दिले, त्यातून ही झोपडी उभी राहिली. कर्वे तेव्हा फर्ग्युसनमध्ये गणित शिकवत. दिवसभराचे काम आटोपून ते संध्याकाळी पायी हिंगण्याला येत. पावसाळ्यात वाट म्हणजे नुसता चिखल.

झोपडीपुढे उभे राहिले की हे कष्ट मनात भरतात आणि तिथेच पाहणाऱ्याची गफलत होते. आपण एका महापुरुषाला नमस्कार करून परततो. पण हे घर होते विधवा मुलींचे. कर्व्यांनी १८९३ मध्ये स्वतः विधवेशी विवाह केला होता, तरी पुनर्विवाहाची चळवळ त्यांनी आश्रमापासून कटाक्षाने वेगळी ठेवली. तसे केले नसते, तर मुलींना इथे पाठवायला पालक धजावले नसते. सुधारकालाही समाजाची अशी बूज राखावी लागली.

म्हणून या भेटीला जाण्यापूर्वी तीन आत्मकथने वाचावीत, असे मी सुचवेन. कर्व्यांचे ‘आत्मवृत्त’ बहुतेकांना ठाऊक असते. त्याच्या जोडीला त्यांच्या पत्नी आनंदीबाई, म्हणजे बाया कर्वे, यांचे ‘माझे पुराण’ घ्यावे. संसाराच्या ओढगस्तीचा हिशेब तिथे सापडतो. तिसरे ‘माझी कहाणी’. ते बायांची बहीण पार्वतीबाई आठवले यांचे. त्या स्वतः विधवा. आश्रमासाठी गावोगाव वर्गणी मागत हिंडल्या आणि त्याच कामासाठी थेट अमेरिकेपर्यंत गेल्या.

वास्तू आपल्याला जागा दाखवते. तिथे कोण राहिले, कोणी पैपैसा जमवला, हे ती सांगत नाही. भिंती व छप्पर डागडुजीने टिकतात. त्या बायकांची नावे मात्र आपण घेत राहिलो, तरच टिकतील. पुढच्या खेपेला झोपडी पाहायला जाल, तेव्हा निदान पार्वतीबाईंचे नाव सोबत घेऊन जा.