गोव्यातल्या गाडीचा हीटर

गोव्यात गाडीला हीटर हवाच कशाला, असं म्हणत इथल्या गॅरेजांनी वर्षानुवर्षं एक सोपी वाट धरली. हीटरच्या दोन्ही नळ्या काढायच्या, टोकं एकमेकांना जोडायची आणि डॅशबोर्डखालचा डबा तसाच गंजू द्यायचा. पेडणे-डिचोलीकडच्या एखाद्या वाड्याच्या पडवीतून जुनी गाडी बाहेर निघाली आणि तिचा हीटर चालू सापडला, तर मेस्त्रीच चक्रावेल.

या गाड्या मुळात थंडीच्या मुलखातल्या. 1961 पूर्वी पोर्तुगीजांच्या राजवटीत, भारताने नाकेबंदी केल्यावरही, गोव्यात युरोपचा माल समुद्रमार्गे येत होता आणि डिचोलीच्या खाणींचा पैसा खेळू लागला होता. मर्सिडीज 180 डी, ओपेल, बीटल अशा गाड्या आल्या त्या हीटरची सोय घेऊनच. पुढे त्यातल्या कित्येक मर्सिडीज टॅक्सी म्हणून राबल्या.

पाण्याने थंड होणाऱ्या इंजिनाचा हीटर म्हणजे तांब्या-पितळेचा छोटा रेडिएटर. कूलंटऐवजी विहिरीचं पाणी ओतलं की त्यात गंजाचा गाळ साचतो. तो उलट्या दिशेने धुऊन काढायचा, मग एक तोंड बंद करून हीटर पाण्याच्या टबात बुडवायचा आणि हलकी हवा सोडायची. बुडबुडे आले तिथे डाग मारायचा. हवेचा दाब रेडिएटरच्या टोपणावर लिहिलेल्या आकड्याच्या वर नेऊ नये. जुनं पितळ जोर सोसत नाही. ब्लोअरच्या मोटरचे ब्रश आणि बसलेली पाण्याची कॉक ही त्यानंतरची कामं.

बीटलची गोष्ट निराळी, आणि माझ्या मते खरी परीक्षा तिथेच. इंजिन हवेने थंड होणारं, त्यामुळे पाणी नाहीच. सायलेन्सरच्या पाइपांभोवतीच्या पेट्यांत तापलेली हवा दाराखालच्या पोकळ पत्र्यातून पायांकडे आणि काचेकडे जाते. हीच हीटरची वाहिनी गाडीचा कणाही आहे. बॉडी तिच्यावरच चेसिसला बोल्टांनी आवळलेली असते. वर्षाला सुमारे 3,000 मिलिमीटर पाऊस, त्यात समुद्राची खारी हवा. वरून रंग चकचकीत, पण स्क्रू-ड्रायव्हरचं टोक दाबलं की पत्रा पापडासारखा फुटतो. दार लोंबू लागलं की बिजागरीला दोष देणारे पुष्कळ. खरं दुखणं बहुधा खाली असतं. वाहिनी कापण्याआधी दाराच्या चौकटीत आडवे पाइप वेल्ड करून आधार द्यावा लागतो. तो विसरला तर बॉडी वाकते आणि दार पुन्हा कधी नीट बसत नाही.

बरं, हीटर अगदीच निरुपयोगीही नाही. जुलैत चोर्ला घाटात काच धुरकटते तेव्हा गरम हवाच ती साफ करते. आंबोलीच्या चढावर इंजिन तापू लागलं, तर हीटर पूर्ण सोडून थोडी उष्णता काढता येते, पाण्याच्या गाडीत तरी. आत बसलेल्यांचं काय होईल ते विचारू नका.

2021 च्या केंद्रीय नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुन्या गाडीला ‘व्हीए’ मालिकेत नोंदणी मिळते. अट अशी की चेसिस, बॉडी, इंजिनात मोठा फेरफार नको. म्हणजे बीटलची ती वाहिनीही मूळच्या घडणीचीच हवी. मात्र बीटलच्या पेट्यांना भोक पडलं असेल तर इंजिनाचा धूर थेट आत येतो. त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, म्हणून काचा लावून, इंजिन चालू ठेवून मीटरने तपासणी केल्याशिवाय हीटरची केबल जोडू नये.