जुनी जिप्सी दोन इंच उंच करायचीय? आधी टेप घेऊन गाडीखाली शिरा

रील्सवर अशी एक जिप्सी हमखास दिसते. जाडजूड टायर, वर उचललेली बॉडी, चिखलातून आरामात निघालेली. खाली कमेंटही ठरलेली, "भावा, लिफ्ट किती?" उत्तर येतं, "दोन इंच." हे दोन इंच आले कुठून, हे मात्र कोणी विचारत नाही. खरा घोळ तिथेच आहे.

मारुतीने १९८५ मध्ये आणलेली जिप्सी आता नवी मिळत नाही, पण तिची क्रेझ गेलेली नाही. ताडोबात सफारीच्या गाडीला लोक अजूनही सरसकट 'जिप्सी'च म्हणतात. वजनाला साधारण एक टन, पुढे-मागे अखंड ॲक्सल आणि चारही चाकांवर कमानपाटे. रचना इतकी साधी की कोणीही उठून गाडी उंच करतो. आणि मग घाटात ब्रेक दाबल्यावर गाडी एका बाजूला ओढते, तेव्हा मेकॅनिकला शिव्या देतो.

सगळ्यात मोठा गैरसमज आधी काढू. सस्पेन्शन उचललं की चेसिस आणि बॉडी वर जाते. ॲक्सल आणि त्याच्या मध्ये लटकणारा डिफरन्शियलचा गोळा जागचा हलत नाही. दगडाला तर सगळ्यात आधी तोच लागतो. तो वर जातो फक्त मोठ्या टायरने, तेही टायरची उंची जितकी वाढते त्याच्या निम्मंच. जिप्सी किंगला कंपनीकडून २०५/७० आर १५ टायर येत. त्याची उंची साधारण ६६८ मिलिमीटर. २३५/७५ आर १५ घातला तर ती ७३३ च्या आसपास जाते. फरक ६५ मिलिमीटर, पण डिफरन्शियल वर गेलं फक्त ३३ मिलिमीटर. तेवढ्यासाठी स्पीडोमीटर जवळजवळ १० टक्क्यांनी खोटं बोलायला लागतो. काटा ६० दाखवत असताना गाडी ६६ ने धावत असते. चाक मोठं झाल्याने ब्रेकला जास्त जोर लागतो आणि चढावर इंजिन दमतं ते वेगळंच.

मग लिफ्ट कशाला करायची? टायर मडगार्डला घासू नये, चेसिसचं पोट टेकू नये आणि चाकाला वर-खाली व्हायला जागा मिळावी म्हणून. त्यामुळे क्रम उलटा धरायचा. आधी टायर ठरवा, मग त्याला लागेल तेवढीच उंची.

जुन्या गाडीत आणखी एक गंमत असते. वीस-पंचवीस वर्षांची कमान बसलेली असते. गाडी सपाट जागेवर उभी करा आणि चाकाच्या मध्यबिंदूपासून मडगार्डच्या कडेपर्यंत टेप लावा. असं मोजल्याने टायरमधली हवा कमी-जास्त असली तरी आकडा बिघडत नाही. चारही आकडे लिहून ठेवा. समजा पुढे उजवीकडे ४४० आणि डावीकडे ४५५ आले, तर ही गाडी आधीच वाकडी आहे. तिच्यावर चारही बाजूंना सारखी लिफ्ट चढवली तर वाकडी गाडी फक्त उंच होईल. कित्येकदा कमान नव्याने बसवली, बुश बदलले की गाडी आपोआप इंच-दीड इंच वर येते आणि 'लिफ्ट'ची गरजच उरत नाही. टेप हातात असतानाच शॅकलच्या हँगरजवळ चेसिसला हातोडीने हलकं ठोकून बघा. पापुद्रे पडले तर आधी पत्र्याचं काम.

उंची वाढवण्याच्या देशी वाटा तीन. कमानीत एक पाटा वाढवणं, शॅकल लांब करणं किंवा जास्त बाक असलेली नवी कमान घेणं. पाटा वाढवणं स्वस्त पडतं, पण जिप्सी आधीच दणके देणारी गाडी. पाटा वाढला की कमान आणखी कडक होते, चाक खड्ड्यात उतरायच्या ऐवजी हवेत लोंबकळतं आणि पकड जाते. म्हणजे ऑफरोडसाठी केलेलं काम ऑफरोडलाच नडतं.

लांब शॅकलचं गणित वेगळं. शॅकल ५० मिलिमीटरने वाढवला तर गाडी साधारण २५ नेच उचलली जाते, कारण कमानीचं एकच टोक खाली गेलेलं असतं. त्यासोबत ॲक्सलही किंचित फिरतो. जिप्सीत पुढच्या कमानीचा शॅकल पुढच्या टोकाला असतो. तो लांबला की पुढच्या चाकांचा कास्टर कमी होतो. कास्टर म्हणजे ज्या कलामुळे वळणानंतर स्टिअरिंग आपणहून सरळ येतं तो. तो कमी झाला की हायवेवर गाडी भरकटते आणि खड्डा लागला की स्टिअरिंग थडथडतं. पाचरीसारखी पट्टी घालून कास्टर परत आणता येतो, पण त्याने डिफरन्शियलचं तोंड खाली झुकतं आणि प्रॉपेलर शाफ्टचा कोन बिघडतो. एक सुधारलं की दुसरं रुसतं, असा हा प्रकार. म्हणून बहुतेक जिप्सींसाठी योग्य बाकाची नवी कमान हाच शहाणा खर्च. ॲक्सल आणि कमानीच्या मध्ये लोखंडी ठोकळे घालायचा सल्ला कोणी दिला, तर पुढच्या ॲक्सलवर तो कधीच मानू नका. ब्रेक लागताना तिथे येणारी पिळ ठोकळा सहन करत नाही.

शाफ्टची गोष्टही समजून घ्या. जिप्सीत ट्रान्सफर केस गिअरबॉक्सला चिकटलेली नसते, वेगळी बसवलेली असते. तिथून एक शाफ्ट पुढे आणि एक मागे जातो. गाडी उचलली की दोन्ही शाफ्ट जास्त तिरके होतात. शाफ्टच्या दोन टोकांच्या क्रॉस जॉइंटचे कोन सारखे राहिले पाहिजेत, नाहीतर ठरावीक वेगाला गाडी घुमायला लागते आणि क्रॉस लवकर जातात.

इतक्यावर भागत नाही. शॉकॲब्सॉर्बर जुन्याच लांबीचे ठेवले तर चाक खाली उतरताना सगळा झटका त्यांच्यावर येतो, कमानीला वावच मिळत नाही. ब्रेकचे रबरी पाइप ताणले जातात. स्टिअरिंगचा लांब रॉड तिरका झाला की खड्ड्यागणिक स्टिअरिंग हातात आपोआप वळतं. ज्या गाड्यांत मागच्या ब्रेकचा दाब वजनानुसार ठरवणारा व्हॉल्व्ह असतो, तिथे मागची बाजू उचलल्यावर त्याला गाडी रिकामीच वाटते आणि तो ब्रेक कमी देतो. तोही नव्याने सेट करावा लागतो.

आणि पलटी होण्याचा धोका. दोन चाकांमधल्या अंतराच्या निम्म्याला गुरुत्वमध्याच्या उंचीने भागायचं. उत्तर जितकं मोठं, तितकी गाडी स्थिर. समजा चाकांमधलं अंतर १३०० मिलिमीटर आणि गुरुत्वमध्य ६५० वर, तर उत्तर येतं १. तोच ७०० वर गेला की ०.९३. कागदावर फरक किरकोळ वाटतो. वर कॅरिअरवर स्टेपनी आणि जेरीकॅन बांधलेले असताना घाटाच्या वळणावर तो किरकोळ राहत नाही.

कायद्याचाही हिशेब करायला हवा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार आरसीवरच्या नोंदींशी म्हणजेच कंपनीच्या मूळ रचनेशी विसंगत बदल करता येत नाही. सुप्रीम कोर्टानेही जानेवारी २०१९ मध्ये हेच ठामपणे सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलाला ५ हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही अशी तरतूद आली. जुन्या जिप्सीला १५ वर्षांनंतर नोंदणीच्या नूतनीकरणासाठी तपासणीला न्यावंच लागतं. तेव्हा काम सुरू करण्याआधी आरटीओ आणि विमा कंपनी दोघांकडे विचारणा करून ठेवा. अपघातानंतर विमा कंपनीने बदलावर बोट ठेवलं की भांडायला फारसं हाती उरत नाही.

प्रत्यक्ष कामात दोन गोष्टींवर लक्ष ठेवा. यू-बोल्ट नवेच घ्या, जुने परत आवळू देऊ नका. आणि शॅकलचे बोल्ट गाडी जॅकवर असताना पूर्ण घट्ट करायचे नाहीत. चाकं जमिनीवर येऊन वजन बसलं की मगच शेवटचा आवळा, नाहीतर रबरी बुश कायमचे पिळलेले राहतात आणि काही महिन्यांत फाटतात.

मग पुढचं एक चाक आणि त्याच्या तिरक्या दिशेचं मागचं चाक उंचवट्यावर चढवून गाडी उभी करा. टायर कुठे घासतोय, ब्रेकचा पाइप कुठे ताणलाय, शॉकॲब्सॉर्बर टोकाला गेलाय का, हे टॉर्च घेऊन खालून बघा. स्टिअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून परत बघा. त्यानंतर व्हील अलाइनमेंट. काहीशे किलोमीटर झाले की यू-बोल्ट पुन्हा आवळून घ्यायचे आणि सुरुवातीला लिहिलेले चार आकडे काढून टेप परत लावायची. नवी कमान थोडी बसतेच. चारही बाजूंना सारखी बसली की काम झालं.